टाकी भरल्यावर

"टाकी भरली की गाडी बंद पडते, मिस्त्री. एरवी काही तक्रार नाही."

यात भुताटकी नसते हो. पेट्रोल सोडणारी नळी टाकी भरली की 'ठक' करून आपोआप थांबते, पण लोकांची हाव थांबत नाही. गळ्याशी येईपर्यंत भरून घेतात. मग टाकीतली वाफ नको तेव्हा इंजिनात शिरते आणि इंजिन गुदमरतं. वाफेचा व्हॉल्व्ह बदलला की काम होतं. या पंपमालकाला मी तो बदलून दिला होता, तरी स्वारी पुन्हा गॅरेजात हजर.

खरं तर त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती. माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, त्याच्याच पंपावर जमिनीखालची टाकी साफ करायला उतरले ते जिवंत वर आले नाहीत. आत वाफ कोंडलेली असते. म्हणून कमरेला दोर बांधून उतरायचं, जीव घुसमटला की भिंतीवर तीन टोले द्यायचे आणि वरच्याने ओढून घ्यायचं, अशी तिथली पद्धत. त्या दिवशी गिऱ्हाइकांची रांग लागली. मालकाने दोर धरणाऱ्याला पेट्रोल सोडायला पिटाळलं. "मी बघतो इथलं," म्हणाला आणि पंख्याखाली जाऊन बसला. टोले सगळ्यांना ऐकू आले होते, पण चौकशीत प्रत्येकाने तोंडाला कुलूप लावलं.

"सोबत चला. स्वतःच बघा," मालक म्हणाला.

त्याच्याच पंपावर भरलं. ठक झाल्यावर मी वर एक थेंब घालू दिला नाही. पुढच्या वळणावर गाडीने आचका दिला आणि बंद पडली. भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पेट्रोलचा असा भपकारा आला की डोळे चुरचुरले.

मग मागच्या सीटखालून, टाकीतून आवाज आला. ठण... ठण... ठण...

"दर वेळी हेच..." मालकाला दरदरून घाम फुटला होता. "काय असेल हो?"

"वर ओढा म्हणतायत," मी म्हणालो.

माझ्या बाजूचं दार आपोआप उघडलं. मी उतरलो, आणि ते धाडकन लागलं. त्याचं दार उघडेना. तो काचेवर मुठीने टोले द्यायला लागला. तीन, जरा थांबून पुन्हा तीन. खोटं कशाला बोलू, आधी मला बरं वाटलं. मग मात्र राहवेना. रस्त्याकडेचा दगड उचलून मी काचेवर घातला, पुन्हापुन्हा घातला, पण साधा ओरखडा उठेना. आतले टोले मंदावले... थांबले. तेव्हा कुठे ती काच हळूहळू, कुणी हात न लावता, खाली सरकली.

पोलिसांना जबानी देऊन संध्याकाळी ताईकडे गेलो. कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं. ती ओट्याशी उभी होती. मागे वळलीसुद्धा नाही.

"झालं का त्यांचं काम?" तिने शांतपणे विचारलं. "पाणी तापवून ठेवलंय. अंगाचा पेट्रोलचा वास गेल्याशिवाय ते ताटावर बसत नाहीत."

मी काही बोलणार, एवढ्यात न्हाणीघराची कडी आतून लागली आणि पाणी ओतल्याचा आवाज यायला लागला.