पळीभर पाणी आणि टिणटिण्याची हाक

दोन हजार सत्तावन्न सालच्या खंडेनवमीला शाल्मलीने घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. खटपट्या यंत्रमानवाच्या कपाळाला कुंकू लावलं, तेव्हा स्वारी ऐटीत उभी राहिली. मग आजोबांच्या जुन्या संगणकाची पाळी आली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि भक्ती जरा उतू चालल्यामुळे वरून पळीभर पाणी! आतून ‘फट्’ असा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

आजोबा बेडकांचे शास्त्रज्ञ. सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) नाहीशा झालेल्या टिणटिण्या बेडकाची हाक फक्त याच संगणकात होती. प्रयोगशाळेत वाढवलेले, अजून एकदाही न ओरडलेले चाळीस टिणटिणे खोलीच्या कोपऱ्यातल्या काचपेटीत होते; उद्या ते सड्यावर सोडायचे होते. डबक्याशी ती हाक वाजवली नाही, तर ते वाट फुटेल तिकडे पांगणार होते.

“आजोबा, मी सगळ्याचं वाटोळं केलं!” ती रडवेली होऊन म्हणाली आणि पुन्हा पुन्हा बटण दाबू लागली.

“आधी हात काढ पाहू! ओल्या यंत्रात वीज सोडली की आणखी जळतं.”

आजोबांनी हार्ड डिस्क (माहिती साठवणारी पेटी) बाहेर काढली. “हिच्या आत चकचकीत तबकडी असते. तिच्यावरच्या चुंबकीय खुणा म्हणजेच आपली हाक. पाणी तिथवर गेलेलं दिसत नाही. जळलाय तो बाहेरचा सर्किट बोर्ड (विजेच्या वाटा असलेली पट्टी).”

“म्हणजे पुस्तक शाबूत आहे, वाचणारा आजारी पडलाय?”

“बरोब्बर!”

खटपट्याने माळ्यावरून तशीच दुसरी डिस्क शोधून आणली. तिचा बोर्ड या डिस्कला बसवला आणि डिस्क दुसऱ्या, कोरड्या संगणकाला जोडली. तबकडी गरगर फिरली, पण वाचता काहीच येईना. आजोबांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

शाल्मली त्या चष्म्याकडे बघतच राहिली. तिने तो लावला की तिला सगळं धूसर दिसायचं.

“आजोबा, हा बोर्ड दुसऱ्या डिस्कच्या नंबरचा चष्मा तर नसेल?”

आजोबांनी कपाळावर हात मारला. “अगं, म्हातारा विसरलोच की! एकाच कारखान्यातल्या दोन डिस्कांतही बारीक फरक असतात. ते बोर्डावरच्या चिपमध्ये (माहिती लक्षात ठेवणाऱ्या तुकड्यात) नोंदलेले असतात. जुनी चिप नव्या बोर्डावर लावायला हवी!”

नशिबाने ती चिप जळली नव्हती. खटपट्याने ती अलगद सोडवली आणि नव्या बोर्डावर वितळलेल्या धातूचा डाग देऊन बसवली. या वेळी पडद्यावर फायलींची नावं भराभरा उमटली. शाल्मलीने आनंदाने टुणकन उडी मारली.

“आता ऐकू या ना!”

“आधी प्रत, मग कौतुक,” आजोबा म्हणाले. एक नाही, तीन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या, तेव्हा कुठे त्यांनी हाक लावली.

टिण्... टिण्...

“पुढच्या खंडेनवमीला पळी मी लपवणार,” खटपट्या पुटपुटला.

“शू!” शाल्मली म्हणाली.

कोपऱ्यातल्या काचपेटीतून, जन्मात कधी सडा न पाहिलेल्या एका बेडकाने चाचरत उत्तर दिलं होतं, “टिण्?”