हिरवी वाघीण

“गंजाचा रंग मिळेल?”

रंगांच्या दुकानात काउंटरपाशी उभ्या असलेल्या तिने मान वळवून पाहिलं. विचारणारा तिशीतला होता, चष्मेवाला, शर्टाच्या बाह्या अगदी नीट दुमडलेला.

दुकानदार गोंधळला. “गंजावर मारायचा ना? प्रायमर?”

“नाही, नाही... गंज दिसावा असा रंग. म्हणजे, गंज नसताना.”

तिला हसू आवरेना. तिच्या वडिलांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं आणि रंगाचं सगळं काम ती बघायची. तिथे येणारे-जाणारे तिला ‘छोटे मिस्त्री’ म्हणायचे. कळायला लागल्यापासून तिने गंज खरवडला होता, घासला होता, पुट्टी भरून असा दडवला होता की गाडीच्या मालकालाही जागा सापडू नये. आणि हा पठ्ठ्या गंज विकत घ्यायला निघाला होता!

“आमच्या गॅरेजात या,” ती म्हणाली. “पोतंभर देते. फुकट.”

त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं. मालगाडीचा डबा... तळहातावर मावेल एवढा. दारं, कड्या, खिळे, सगळं जिथल्या तिथे.

“ही माझी वाघीण.”

“वाघीण?”

“मालगाडीच्या डब्याला वाघीणच म्हणतात. घरी अख्खा कळप आहे.”

“आणि घरचे काही म्हणत नाहीत?”

“घरी मी एकटाच,” तो म्हणाला, आणि उगीचच फडक्याची घडी घालू लागला.

तिने वाघीण उचलून उजेडात धरली. अंगभर सारखे तांबडे ठिपके. “हा गंज नाही, ही गोवर आलीय हिला,” ती म्हणाली. “गंज असा शिंपडल्यासारखा येत नाही. पाणी जिथे साचतं तिथे तो धरतो. दाराच्या फटीत, खिळ्यांच्या खाली. मग तिथून खाली ओघळत येतो... हा असा.” तिने नखाने एक रेघ ओढून दाखवली.

त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि या वेळी वाघिणीकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

“शिकवाल?”

ती शिकवायला गेली. पुढच्या रविवारी दुपारी गेली, त्याच्या पुढच्याही रविवारी गेली. त्याच्या खोलीत भिंतीलगत मोठं टेबल होतं आणि त्यावर रूळ, सिग्नल, एक लहानसं स्टेशन. खिडकीत ब्रश वाळत घातलेले. गंजाचा पातळ रंग फटीत कसा सोडायचा, ओला असतानाच कोरड्या ब्रशने खाली कसा खेचायचा, हे ती दाखवायची. तो श्वास रोखून बघायचा. त्याच्या हाताला मात्र कंप नव्हता. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा.

“अगदी पांढरा शुभ्र दात लगेच खोटा वाटतो,” तो एकदा म्हणाला. “जरासा पिवळेपणा, मुळाशी एखादी बारीक रेघ... असं काही असलं की माणूस मोकळेपणी हसतो.”

तिने नकळत ओठ मिटून घेतले.

“राहू द्या. बघितलेत मी. खरे आहेत.”

“ही तारीफ होती?”

“आमच्या धंद्यात याहून मोठी तारीफ नाही.”

त्या दिवशी घरी जाताना ती दुकानांच्या काचांमध्ये हसून बघत होती. मग स्वतःलाच वेड्यात काढून भरभर चालू लागली.

मॉडेल गाड्यांचं प्रदर्शन जवळ आलं. लॅबमध्ये काम वाढलेलं, वाघिणी तशाच पडलेल्या. “मी करून आणते,” ती म्हणाली. त्याने घाईघाईत खोकं भरून तिच्या हातात दिलं.

गॅरेजातलं काम आटोपलं की ती कोपऱ्यात बसायची. “मोठ्या गाड्या संपल्या वाटतं?” बाबा विचारायचे. ती मान वर करायची नाही. खोक्याच्या तळाशी, कापसात, एक हिरवी वाघीण निघाली. कोरी करकरीत. हिच्यावर तर जीव ओतायचा, असं तिने ठरवलं. छपराला उन्हाने उडालेला रंग, चाकांवर धूळ, खालच्या कडेने हळूच चढत आलेला गंज. असं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. त्याला ती सगळ्यात शेवटी दाखवायची, असंही ठरवलं.

तिने खोकं परत नेलं, तेव्हा त्याने एकेक वाघीण बाहेर काढली. खूश झाला, हसला, पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. मग तिने ओंजळीतली हिरवी पुढे केली, आणि त्याचा चेहरा उतरला.

“ही... तुमच्याकडे कशी?”

“तुमच्याच खोक्यात होती. का?”

तो खुर्चीत बसला. “आईने दिलेली. ती जाण्याआधीच्या माझ्या वाढदिवसाला. मी कधी रुळावरसुद्धा ठेवली नाही हो.”

“मी साफ करून देते. टर्पेंटाइनने निघेल, आत्ता...”

“नको. हात नका लावू.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. इतकं हळू बोलला की तिला तिथे उभंही राहवेना.

पुढचा रविवार गेला, त्यानंतरचाही. कधी तिला स्वतःचा राग यायचा, कधी त्याचा. खोकं भरलं कुणी? मला काय स्वप्न पडलं होतं? एका बॉनेटवर तिने एकाच जागी इतकं घासलं की बाबांनी तिच्या हातातून पॉलिश पेपर काढून घेतला. तेव्हा तिने सगळं सांगितलं.

“मग जा की,” बाबा म्हणाले. “काम बिघडलं म्हणून गिऱ्हाईकाला तोंड दाखवायचं सोडतो का आपण?”

“तो गिऱ्हाईक नाहीये, बाबा.”

“ते दिसतंय मला. म्हणूनच जा म्हणतोय.”

दुपारच्या सुट्टीत ती लॅबमध्ये पोचली. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि त्यांच्या मागे तो. पिशवीतून टर्पेंटाइन आणि मऊ फडकी काढत ती एका दमात म्हणाली, “द्या ती. पहिल्यासारखी करून देते. तेच तर काम आहे माझं.”

“मी घेतली होती पुसायला,” तो म्हणाला. “दाराच्या कडीपाशी येऊन थांबलो. तिथे तुम्ही गंज लावलाच नाही. रंग झिजून खालचं लोखंड चमकावं, तसं केलंय.”

“तिथे रोज हात लागणार ना. गंज धरायला वेळच मिळत नाही.”

त्याने हातातला जबडा खाली ठेवला. “आई कपडे शिवायची. तिच्या मशीनचं चाक, जिथे तळहात टेकायचा तिथे... अगदी असंच झालंय. ती गेल्यापासून मशीनवर चादर घालून ठेवली होती. काल काढली.”

तिच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. शेजारच्या खोलीत कुणीतरी यंत्र सुरू केलं, बंद केलं.

“राग...?” शेवटी तिने विचारलं.

“तुमच्यावर नव्हताच. स्वतःवर होता. पडला मात्र तुमच्या अंगावर.” त्याने चष्मा काढला. “संध्याकाळी याल? हिरवी वाघीण रुळावर ठेवायचीय. एकट्याने ठेवावीशी वाटत नाही.”

संध्याकाळी त्याने हिरवी वाघीण इंजिनामागे जोडली. गाडी हलली. स्टेशन मागे पडलं, चाकं बारीक आवाजात खडखडत राहिली. बाकीच्या वाघिणींमध्ये ती आता परकी वाटत नव्हती. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. कुठलाही रंग न मिसळता, सरळ.

तो तिच्याकडे वळला. “हे... हे मी बोलणार होतो. दुपारपासून ठरवतोय.”

“मग बोला ना. मी कुठे अडवलंय?”

त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वळणावर हिरवी वाघीण रुळावरून घसरली. दोघांचे हात एकदमच पुढे गेले.

“सावकाश!” तो म्हणाला. “तू इंजिन धर, मी हिला उचलतो...”

आणि थांबला. कानापर्यंत लाल झाला.

तिने इंजिन धरून ठेवलं होतं. चाकं तिच्या बोटांत फिरत होती.

“परत म्हण,” ती म्हणाली.