तिघींची लाखोली

टेंभुर्णीच्या उषाबाईंचा सोमवार कधी चुकला नव्हता. सून अक्षताचे आधीचे दोन गर्भ टिकले नाहीत. तिसरा तरी सुखरूप पार पडावा म्हणून त्यांनी महादेवाला तांदळाची लाखोली बोलली. लाख अखंड दाणे. त्या, मधली जाऊ वंदना आणि अक्षता दुपारी देवघरापुढं बसायच्या, हजार दाणे झाले की फडक्यात पुरचुंडी बांधायच्या.

धाकटी जाऊ शालू तेवढी नव्हती. दिवाळीत तिचा नवरा गेला. शुभाचं काम आहे, यंदा तू राहू दे, असं उषाबाई तिला अगदी हळू आवाजात म्हणाल्या होत्या. शालू माहेरी, आष्टीला निघून गेली.

शंभर पुरचुंड्या झाल्या. तीन ताटांत तेहतीस-तेहतीस ठेवल्या, उरलेल्या एकीची गाठ सोडून दाणे वाटले, तर एक दाणा राहिला.

अक्षता शाळेत गणित शिकवायची. ती हसली. "आई, लाखाला तिनानं भागलं की एक उरणारच. कोटी घ्या, तरी एकच."

"मंग तो देवाचा," वंदना म्हणाली.

उषाबाईंनी तो पिंडीवर वाहिला. मनाची खात्री म्हणून सुटे दाणे पुन्हा वाटले. एक उरला. तोही वाहिला. पुन्हा एक.

अक्षताचं हसू मावळलं. "नऊशे नव्याण्णव तिनानं बराबर तुटतात, आई. उरूच शकत न्हाई."

वंदनानं उठून चौथं ताट मांडलं, पुढं पाट ठेवला. कुणाचा, ते ती बोलली नाही. उषाबाईंना मान वर करवेना.

सुटे दाणे मोजून परत बांधले. दोन वाहूनही पुरते हजार भरले. चार ताटांत पंचवीस-पंचवीस. काही उरलं नाही.

उषाबाईंनी शालूला फोन लावला. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडून निघालं भलतंच.

"शालू, तुझ्याबिगर मोजणी जुळून न्हाई राह्यली. ये."

पलीकडं बारीक आवाज येत होता, ताटात दाणे पडल्यासारखा.

"मोजणीपुरतीच का, अक्का?" शालू म्हणाली. "मी तर पहिल्या दिवसापासून बसलेय तुमच्यात. उठते मंग."

आवाज थांबला.

चौथ्या ताटात पुरचुंड्या तशाच होत्या. वंदनानं एक उचलली, तर हात एकदम हलका वर आला.

गाठ घट्ट होती. आत काही नव्हतं.

अक्षतानं दोन्ही हात पोटावर धरले.