कुंडात अडकलेली पुरचुंडी

बाबूकाकांना या सहलीतून मिळवायचा होता तो फक्त शेवटचा शब्द. आपल्या आजोबांनी गरम झऱ्यात भात शिजवला होता, असं ते सत्तावीस वर्षं सांगत होते आणि सुनंदाकाकू सत्तावीस वर्षं “हो का?” म्हणत होत्या. तेवढ्यासाठी हा माणूस इचलकरंजीहून विनाचालक गाडीत नऊ तास बसला.

त्यांची अकरा वर्षांची पुतणी कस्तुरी आली होती वेगळ्याच कामाला. धगवाडी राष्ट्रीय उद्यानात रोज एकाच मुलाला कुंडाचं तापमान मोजून कायमच्या नोंदवहीत लिहायला मिळे. तिचा नंबर दोन वर्षांनी लागला होता, त्या दिवशी दुपारी बारा वाजता.

सकाळी रखवाल नावाच्या यंत्रमानवाने सगळ्यांना कुंड दाखवलं. बैलगाडीच्या चाकाएवढं निळं पाणी, त्यातून निघणारा ओहळ आणि ओहळाच्या काठाला केशरी साय. इथे ज्वालामुखी नाही, खाली कुणी चूल पेटवलेली नाही, मग हे पाणी तापवतं कोण, असं कस्तुरीने विचारलं.

रखवाल म्हणाला, पावसाचं पाणी भेगांतून दोन किलोमीटर खोल मुरतं. जितकं खोल जावं तितका खडक गरम, दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी (या वाढीला भूतापवाढ म्हणतात). तापलेलं पाणी हलकं होतं आणि सरळ वाट सापडली तर थंड व्हायच्या आत वर येतं. इथली वाट कस्तुरीच्या मनगटाएवढी होती. केशरी साय म्हणजे उष्णताप्रेमी जीवाणू (गरम पाण्यातच सुखाने राहणारे अतिसूक्ष्म जीव). ओहळ हेच त्यांचं घर.

काकांनी यातलं ‘मनगटाएवढी’ ऐकलंच नाही. सगळे नाश्त्याला गेल्यावर त्यांनी काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तांदूळ बांधले, सांडू नयेत म्हणून गच्च, आणि दोरीने कुंडात सोडले. तांदूळ शिजताना फुगतात. पण काका रोज जेवत होते, रांधत नव्हते. वाफेने हात भाजला, दोरी सुटली, पुरचुंडी तळाच्या त्या मनगटाएवढ्या भोकात गेली आणि फुगून बुचासारखी बसली.

बाराला कस्तुरी आली तेव्हा ओहळ आटला होता. साय उन्हात राखाडी पडून पापुद्र्यांनी सुटत होती. तापमापकाने दाखवले त्रेसष्ट अंश. आदल्या दिवशीचा आकडा होता चौऱ्याहत्तर.

रखवालने पाण्यात कॅमेरा सोडला. पडद्यावर लुगड्याचा काठ दिसताच काकू म्हणाल्या, “भात शिजवायला गेलात आणि कुंडाचं तोंड शिवून आलात.”

आजोबांच्या वेळी काही झालं नव्हतं, असं काका पुटपुटले. कस्तुरीचे कान तापले होते. पुरचुंडी ओढली तर कापड फाटेल आणि भात आणखी खोल जाईल, असं रखवालने सांगितलं. कापड कुजेपर्यंत थांबायचं. तोवर पाणी दुसरी भेग शोधेल. पलीकडच्या दगडांतून गढूळ बुडबुडे निघू लागलेच होते.

काका तिच्याकडे वाकले. “चौऱ्याहत्तरच लिही. तुझं नाव राहणार आहे त्या वहीत कायमचं.”

“म्हणूनच त्रेसष्ट लिहिणार,” कस्तुरी म्हणाली. रागाने तिचा आवाज चिरकत होता. “आणि खाली कारण लिहायची जागा आहे. ते तुम्ही सांगायचं, काका. मी उतरवून घेते.”

मग काकांनी सांगितलं, एकेक शब्द. तिने तो तसाच लिहिला.

रखवाल म्हणाला, आता झरा नवी वाट किती दिवसांत करतो हे पहिल्यांदाच मोजता येईल, कारण बंद झाल्याची वेळ आणि कारण दोन्ही खरी लिहिलेली आहेत. उद्या येणारा मुलगा इथूनच पुढे मोजेल. कस्तुरीने मान हलवली, पण ती हसली नाही.

काकांना वर्षभर उद्यानात यायची बंदी झाली. कस्तुरीच्या वाट्याला उतरलेला आकडा आला. सगळ्यांत जास्त किंमत मोजली ती ओहळाकाठच्या केशरी जिवांनी, आणि त्यांचं तर कुणाशी भांडणच नव्हतं.