पुसलेले अकरा सेकंद

ही गोष्ट माझ्या मामाची आहे, आणि मामा थापा मारणाऱ्यांतला नाही. मुळात तो बोलतच नाही. मामी म्हणते, "यांच्यापेक्षा भिंत बरी, निदान तिच्यात खिळा तरी ठोकता येतो."

तेव्हा ज्याला खोटं वाटेल, त्याने खुशाल इथेच थांबावं.

हे घडलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. अंधाराला घाबरला, असं म्हणायचीही सोय नाही.

मामा रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होता. काचेच्या पलीकडे वादक, अलीकडे मामा, त्याची टेप आणि बटणं.

तिथे येणाऱ्या एका जॅझ बँडच्या प्रमुखाला सगळे पाठीमागे 'सेनापती' म्हणत. त्याला एकच वेड होतं. एक जुनं, गाजलेलं संगीत नाटक पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत जॅझमध्ये रेकॉर्ड करायचं. अठरा वादक, सगळे एकदम, कुठेही जोड नाही.

सात वर्षांपूर्वी त्याने हा घाट एकदा घातला होता. तेव्हा पियानोवर एक लाजरा, हडकुळा माणूस होता. तिसऱ्या गाण्यात त्याची लय पळायची. पाचव्यांदा पळाली तेव्हा सेनापती उठला.

"लय अशी असते," म्हणाला, आणि पट्ट्यांवरचं जड झाकण त्याच्या बोटांवर आपटलं.

एक. दोन. तीन. चार.

अगदी लयीत.

टेप चालूच होती. सेनापतीने काचेकडे बघितलं. "ते पूस."

मामाने पुसलं. बरोबर अकरा सेकंद.

चौकशी झाली, पण पुरावा कुठे होता? बाकीच्यांनी माना खाली घातल्या. झाकण चुकून पडलं, असं ठरलं. त्या दोन हातांनी पुन्हा कधी काही वाजवलं नाही. वर्षभरात तो माणूस गेला.

मामाला ते पुसल्याची लाज वाटायची. पण घरात दोन मुली होत्या, आणि सेनापतीने रेकॉर्डच्या कव्हरवर मामाचं नाव छापायचं कबूल केलं होतं.

सात वर्षांनी पुन्हा तोच स्टुडिओ. तोच पियानो. त्यावर आता एक नवी बाई वाजवणार होती.

पहिली दोन गाणी झकास झाली.

तिसऱ्याचा टेक ऐकायला मामाने टेप मागे घेतली आणि...

मध्येच आवाज गेला.

पियानो नाही, ट्रंपेट नाही, ड्रम नाही. मग गाणं पुन्हा सुरू.

मामाने घड्याळ लावून बघितलं. अकरा सेकंद.

टेप बदलून पुन्हा रेकॉर्ड केलं. तेच. मशीन बदललं. तेच. सेनापतीने मामाच्या अंगावर खुर्ची भिरकावली. ती काचेवर आदळली आणि काचेला तडा गेला.

"माझं काम बुडवतोस? हात तोडून ठेवीन!"

नवी पियानोवाली हळूच म्हणाली, "सर, या पट्ट्या ओल्या लागताहेत हो..."

"उठ! मी दाखवतो!"

सहावा टेक नुकताच झाला होता, ऐकायचा तेवढा राहिला होता. मामाने हेडफोन चढवले आणि तो ऐकायला लागला.

गाणं चाललं होतं. ती जागा आली...

या वेळी तिथे शांतता नव्हती.

थाड... थाड... थाड... थाड.

हाडं मोडल्याचा आवाज. आणि किंकाळी.

मामाने हेडफोन कानांवर आणखी घट्ट दाबले. किंकाळी त्या लाजऱ्या माणसाची नव्हती.

सेनापतीची होती.

मामाने मान वर केली. काचेपलीकडे सेनापती पियानोवर बसत होता. दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवत होता.

आत बोलायचं बटण मामाच्या अंगठ्याखालीच होतं.

झाकण पडलं. कुणीही हात न लावता. उचललं गेलं आणि पुन्हा पडलं. चार वेळा. पट्ट्यांवर रक्त उडालं, पियानोवालीच्या तोंडावर उडालं. चौथ्या वेळी दोन बोटं खाली जमिनीवर पडली.

आणि हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, कुणीतरी लाजत म्हणालं,

"या वेळी पुसायची गरज नाही..."

पोलिसांसमोर टेप लावली. सहाव्या टेकमध्ये ती जागा कोरी होती. अकरा सेकंद.

सेनापती जगला. आता त्याला चमच्याने भरवावं लागतं.

मामा सगळ्यांना सांगतो, "मी बटण दाबलं होतं. 'उठा तिथून' म्हणून ओरडलो. आवाज आत गेलाच नाही." पियानोवाली म्हणते, आत काहीच ऐकू आलं नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघंच होतो. मी न राहवून विचारलं, "मामा, खरं सांग. दाबलं होतंस ना बटण?"

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. त्याच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं. मला मोजायचं नव्हतं, तरी मोजलं गेलं.

अकरा सेकंदांनी तो म्हणाला, "दाबलं होतं."