श्वासाची जागा

हेडफोन दुरुस्त करायला आलेला माणूस टेबलाखालून बेलारूसी बोलू लागला, तेव्हा गंधाली साठ्येने वहीतून मान वर केली.

प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. घाटकोपरच्या त्या महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, भाषावर्गात, ती एकटीच बसली होती. टेबलाखालचा माणूस वायर जोडून पाहत होता आणि कानात पडेल ते तोंडाने म्हणत होता. अर्थ त्याला ओ की ठो कळत नव्हता. उच्चार मात्र विलक्षण होता. ज्या एका मृदू ध्वनीसाठी तिने सहा महिने आरशासमोर जीभ झिजवली, तो त्याच्या तोंडून सहज निघून गेला होता.

"पुन्हा म्हण."

एक डोके बाहेर आले. कपाळावर धूळ, ओठांत स्क्रू.

"काय? वायर टेस्ट करत होतो गं... शिवी वगैरे होती का?"

"‘शुभ दिवस’ होतं."

"मग ठीक." त्याने स्क्रू काढला आणि तिच्याकडे पाहून सावकाश म्हटले, "दोब्री द्ज्येन."

"नाव?"

"मुकुल गायकवाड. अंधेरीला डबिंग स्टुडिओत साउंडला असतो. राहायला कांदिवली... आधार कार्ड पण दाखवू?"

"नको. हा फॉर्म भर."

या घाईला कारण होते. बेलारूसी-मराठी उच्चारकोश हा तिच्या संशोधनाचा विषय. त्यावर अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांनी, निरुपयोगी पुस्तक आयुष्यात कधी न उघडलेल्या माणसाच्या समाधानाने, विचारले होते, "पण याचा उपयोग काय?" आणि ठराव केला होता: वर्षअखेरीस किमान दोन विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत, तर वर्ग बंद. वर्गाबरोबर तो शिकवणाऱ्या शिवदास सरांची अकरा वर्षांची टिपणे बंद, आणि गंधालीचा कोशही बंद. तिने आवाज चढवला नव्हता. राग आला की ती अधिक शुद्ध बोलत असे. "आपला ‘उपयोग’ हा शब्द मी टिपून घेतला आहे, सर. वर्षअखेरीस परत करीन."

विद्यार्थिनी एक होती, ती स्वतः. दुसरा आत्ता टेबलाखालून निघाला होता.

"मला काय मिळणार यातून?" मुकुलने विचारले.

"एक प्रामाणिक लेखन. रशियनमध्ये दूध लिहायचं ‘मोलोको’ आणि म्हणायचं ‘मलाको’. बेलारूसीत जे तोंडात, तेच कागदावर. म्हणायचं मलाको, लिहायचंही मलाको."

"झकास. माणसं पण अशी असती ना..."

त्याने सही केली.

शिवदास सरांची पद्धत जुनी होती. एकाने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे. आणि वाचणाऱ्याच्या ओठांवरून नजर हलवायची नाही. त्यामुळे दर शनिवारी दुपारी गंधालीच्या ओठांकडे एकटक पाहणे हा मुकुलच्या बाबतीत अभ्यासक्रमाचाच भाग होता. आणि तो मोठा अभ्यासू निघाला.

"ओठांकडे बघ. डोळ्यांकडे नाही."

"डोळे पण काहीतरी म्हणतायत यार..."

"ते परीक्षेला नाही."

"ऑप्शनला टाकलंस?"

तिने हसू दाबले. तिने वाचायला सुरुवात करण्यापूर्वी तो स्टुडिओतल्यासारखे एक बोट वर करायचा – शांतता! एकदा तर शेजारच्या इमारतीतले ड्रिलिंग नेमके त्याच क्षणी थांबले, आणि त्याने ते श्रेय निर्लज्जपणे स्वतःकडे घेतले. मग तो तिचे वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करायचा. "सरावाला," म्हणायचा. सरांनी दोघांना बेलारूसमधल्या, मिन्स्कच्या निवेदकांच्या ध्वनिफितींचा पेन ड्राइव्ह दिला होता आणि बजावले होते, "कान याच्यावरच घडवा. एकमेकांवर नको."

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. मूळच्या बेलारूसच्या परीक्षक अलेना बाई वॉर्सातून पडद्यावर अवतरल्या. गंधालीने उतारा वाचला. बाईंनी मान डोलावली. मग मुकुल वाचू लागला आणि तिसऱ्या वाक्याला बाईंनी चष्मा काढला.

गंधालीनेही ते ऐकले. प्रत्येक लांब शब्दाआधी तो एक लहानसा श्वास घेत होता, पायरी चढण्याआधी घ्यावा तसा. तो श्वास मिन्स्कचा नव्हता. तो गंधालीच्या मुलुंडचा होता, तिचा होता. तिला स्वतःला तो आजवर कधी ऐकूच आला नव्हता. आता तो दुसऱ्याच्या छातीतून ऐकताना ती कानापर्यंत लाल झाली.

"हा श्वास आमचा नाही," बाई बेलारूसीत म्हणाल्या. "तुम्ही सराव कुणाच्या आवाजावर केलात?"

सरांनी डोळे मिटले. वर्ग, टिपणे, कोश... सगळे त्या उत्तरावर टांगले होते.

मुकुलने बाजूला पाहिले आणि स्वच्छ बेलारूसीत सांगितले, "हिच्या. दुसऱ्या कुणाचा मी ऐकलाच नाही."

पडद्यावर बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग बाई हसल्या. "उच्चाराचे गुण कापते. संभाषणाचे पूर्ण देते."

दोघे उत्तीर्ण झाले. मुकुल अगदी काठावर.

जिन्यात गंधालीने त्याला गाठले. "आपण केवढी जोखीम घेतलीत, याची आपल्याला कल्पना आहे?"

"आपण? बाप रे... लय तापलीयस."

"वाट लागली असती, मुकुल! पेन ड्राइव्ह का नाही उघडलास?"

"त्यात तू नव्हतीस."

तिच्या हातात अध्यक्षांना द्यायचा निकालाचा कागद होता. ‘उपयोग’ हा शब्द परत करायचे तिचे वाक्य वर्षभर घासून लखलखीत झाले होते. ते तसेच राहिले. त्याखाली दुसऱ्या वर्षाचा फॉर्म होता. तो तिने पुढे केला.

"पुढच्या वर्षी माझी ही खोड तुझ्या जिभेवरून काढावी लागेल."

"आणि मला ती ठेवायची असेल तर?"

ती बोलणार होती. त्याआधी नकळत एक लहानसा श्वास घेतला गेला... आणि तो त्याने ऐकला. त्याने बोट वर केले. जिना शांत झाला.

"म्हण," तो हळूच म्हणाला. या वेळी तो तिच्या ओठांकडे पाहत नव्हता.

"मला तू हवा आहेस," गंधाली म्हणाली. "दुसरा विद्यार्थी म्हणून नाही."