शिपकाचा पहारा

सासूबाई गेल्या आणि सारंग आपल्या वडिलांना पुण्याहून सिंगापूरला घेऊन आला. पासिर रिसमधला आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. बाबांच्या खोलीतून समुद्राची एक पट्टी आणि नांगरलेली जहाजं दिसतात. बाबा विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. मुळातच अबोल, आता तर बोलणं जवळजवळ थांबलंच होतं. मी चांगी बिझनेस पार्कला, सारंग रॅफल्स प्लेसला आणि जाई शाळेत गेली, की ते किनाऱ्यावरच्या पार्कात जाऊन बसत आणि ऊन तापलं की परत येत.

एका संध्याकाळी जेवताना ते आपणहून बोलले. पार्कातल्या बदामाखालच्या बाकावर एक रशियन गृहस्थ भेटतात म्हणाले. लादोगिन नाव. लष्करात होते. आम्हाला बरंच वाटलं. मुलाकडे राहायला आलेला आणखी एक म्हातारा असेल, असं मी धरून चालले.

त्यानंतर रोज जेवताना लादोगिनांची हकिगत पुढे सरके. काउंट घराण्यात जन्म, बर्च झाडांमधली मोठी जहागीर, लहानपणीच सैनिकी शाळेत रवानगी, मग घोडदळात नेमणूक. पहिल्या चढाईत त्यांच्या मांडीखालचा घोडा पडला, तेव्हा त्याचा श्वास थांबेपर्यंत ते त्याच्या मानेवर हात ठेवून बसले होते. बाबा हे इतकं शांतपणे सांगत, की जाईने फोन बाजूला ठेवला. "देन हाऊ, आजोबा? पुढे काय झालं?" ती विचारायची.

झारचा उल्लेख आला तेव्हा मी समजले, की ते गृहस्थ आपल्या पणजोबांबद्दल सांगत असणार. बाबांची ऐकण्यात गल्लत होत असेल. बाबांचं इंग्रजी तसं जेमतेमच. म्हणून मी सहज विचारलं, "बाबा, ते तुमच्याशी बोलतात कुठल्या भाषेत?"

बाबांचा घास हातातच राहिला. बराच विचार करून ते म्हणाले, "भाषेकडे माझं लक्षच गेलं नाही गं."

त्या आठवड्यात गोष्ट शिपका खिंडीत पोचली. तुर्कांशी युद्ध, बाल्कनचे डोंगर, भर हिवाळा. तरुण लादोगिनांकडे एका कड्यावरच्या पहाऱ्याची जबाबदारी होती. हिमवादळ सुरू झालं. ठरल्या वेळी पहारा बदलायचा, पण लादोगिनांना तंबूत डोळा लागला आणि त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. सकाळी ते वर गेले तर शिपाई आपापल्या जागी उभे होते. बंदुका धरलेल्या, पापण्यांवर बर्फ.

"आम्ही हाका मारल्या," बाबा म्हणाले. "मग एकाच्या खांद्याला हात लावला. तेव्हा कळलं."

'आम्ही' हा शब्द सारंगच्याही लक्षात आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

खिंड राखल्याबद्दल लादोगिनांना पदक मिळालं. पुढची प्रत्येक बढती त्या पदकामुळे मिळाली.

दुसऱ्या दिवशी बाबा लंगडत होते. मोजा काढला तर पायाची करंगळी काळीनिळी पडली होती. पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरबाईंनी ती पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. हे कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतात का, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी संकोचून सांगितलं, की त्यांना हे फ्रॉस्टबाइटसारखं, म्हणजे हिमदंशासारखं दिसतंय, पण अर्थात ते शक्य नाही. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं.

हॉस्पिटलमध्ये करंगळी काढावी लागली. सारंगने बाबांचं पार्कात जाणं बंद केलं. बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी खाणं मात्र सोडलं. दिवसभर खिडकीशी बसून त्या बदामाच्या दिशेने बघत राहायचे. हाताला हात लावला तर गार. डॉक्टरांना रक्तात काही सापडेना.

एका सकाळी मी त्यांना चहा दिला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"गोष्ट अर्धी राहिलीय, अनुया. त्यांचं ऐकणारं दुसरं कुणी नाही. एकदा जाऊ दे मला."

मी सारंगला कळवलं नाही. ऑफिसातून सुट्टी घेतली आणि बाबांना व्हीलचेअरवरून पार्कात घेऊन गेले.

ऊन लख्ख होतं. मुलं सायकली चालवत होती. समोर पुलाऊ उबिन बेट आणि मधून जाणारी एक बोट. बाबा बाकाच्या एका टोकाला बसले, मी दुसऱ्या टोकाला. मध्ये जागा मोकळी होती. त्यांना तशी ठेवायची होती.

थोड्या वेळाने ओल्या लोकरीचा वास आला. मग घोड्याच्या घामाचा.

माझा डावा दंड, बाबांच्या बाजूचा, गार पडत गेला. मी समोर बघत राहिले. मान वळवायची नाही, एवढंच मला स्पष्ट कळत होतं.

उरलेली हकिगत हळू, थकलेल्या आवाजात आली. मांचुरियात जपानशी लढाई, मुकदेनहून माघार. तिथल्या धुळीतही शिपकाचे ते शिपाई रांगेत उभे दिसत. जपान्यांची कैद. सुटकेनंतर घरी नेणारं जहाज. सिंगापूरजवळ ताप चढला. जनरल लादोगिन या उकाड्यात कांबळी मागत होते. बंदरावर उतरू दिलं नाही. शुद्ध हरपेपर्यंत ते एकच विचारत होते: पहारा बदलला का? मग शिडाचं कापड, पायांशी लोखंड, आणि समुद्र.

आवाज थांबला.

वास गेला.

दंडावर ऊन लागलं.

बाबांनी डोळे पुसले. "चल," म्हणाले.

घरी येऊन ते पोटभर वरणभात जेवले. हात उबदार होते. जाईशी पत्ते खेळले. सारंग आला तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो रागावला नाही. बाबांचा चेहरा पाहून त्याला हायसं वाटलं होतं. शेवट काय झाला, त्याने विचारलं. मी मुकदेनपासून सांगितलं: कैद, जहाज, ताप, कांबळी, तो प्रश्न. बाबांनीच मला सांगितलं, म्हटलं.

पत्ते पिसता पिसता बाबा थांबले.

"मी?" ते म्हणाले. "मी तिथे तोंडही उघडलं नाही. मला तर आज काहीच ऐकू आलं नाही, अनुया. ते सगळा वेळ तुझ्याकडे वळून बसले होते."